गावात गॅस्ट्रोची साथ: पहिल्या निरोपापासून शेवटच्या नळापर्यंत

जून-जुलैत दोन-तीन जोराचे पाऊस झाले की ठरावीक बातम्या यायला लागतात. अमुक गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण, शाळेत तात्पुरता दवाखाना, डॉक्टरांचं पथक दाखल. सोबत सलाईन लावलेल्या रुग्णांचा फोटो. ज्या फुटक्या जोडातून किंवा ज्या विहिरीतून हे सगळं आलं, तिचा फोटो सहसा नसतो.

हा लेख सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पाणीपुरवठा समिती, शिक्षक आणि मंडळाच्या पोरांसाठी आहे. डॉक्टरांचं काम डॉक्टर करतील. पण साथीतली बरीच कामं गावानेच करायची असतात. त्यांचा क्रम माहीत नसला की पहिले दोन दिवस नुसते धावपळीत जातात. माझं मत आधीच सांगून टाकतो: शेवटच्या घराच्या नळाला आज क्लोरीन किती होतं, हे ज्या गावाला वही उघडून सांगता येतं, त्या गावात साथ सहसा पसरत नाही आणि पसरलीच तर लवकर आवरते. बाकीचं सगळं या एका आकड्याच्या आजूबाजूला आहे.

पहिले काही तास: कळवा, लपवू नका

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणं म्हणजे जुलाब, ही कामापुरती व्याख्या धरा. एकाच आळीत दोन-तीन घरांत एकदम असे रुग्ण निघाले की आशाताईंना सांगा आणि त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा. "अजून एक दिवस बघू" म्हणायचं नाही. मोठा, धडधाकट माणूस काही तासांत गळून गेला, डोळे खोल गेले, शौचाला तांदळाच्या धुवणासारखं पाणी होतंय, असा एकच रुग्ण असला तरी कॉलरा धरूनच चाला आणि १०८ ला फोन करा.

गावाचं नाव खराब होईल म्हणून बातमी दाबायची सवय अजून गेलेली नाही. यात्रा किंवा लग्नसराई तोंडावर असेल तर जास्तच. पण आशा, आरोग्यसेविका आणि दवाखाना यांच्याकडची माहिती एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात वर जाते. त्या आकड्यांवरूनच तालुक्याचं शीघ्र प्रतिसाद पथक हलतं. तुम्ही उशिरा कळवलंत तर ते उशिरा हलतं, इतका साधा हिशेब आहे.

डॉक्टर यायच्या आधी दोन प्रश्न विचारून ठेवा. आजारी पडलेले सगळे एकाच पंगतीला जेवले होते का? आणि लक्षणं किती तासांत सुरू झाली? भंडाऱ्यात जेवून दोन-चार तासांत सगळ्यांना एकदम उलट्या लागल्या तर ते बहुधा अन्नातून झालं आहे. नवरात्रात किंवा एकादशीला भगर खाऊन होणारी विषबाधा आपल्याकडे नवी नाही. मग उरलेलं अन्न फेकू नका, झाकून थंड जागी ठेवा, तपासणीला लागेल. रुग्ण मात्र तीन-चार दिवसांत थोडे थोडे वाढत असतील, एकमेकांच्या ताटाला न बसलेल्या घरांत असतील, तर संशय पाण्यावर. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

रुग्णाचं पाणी भरून काढणं

जुलाबात माणूस दगावतो तो मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. तेच मिश्रण आज आपण ओआरएस म्हणून ओळखतो. तरीही आपल्याकडे सलाईन लावली नाही तर उपचार झालाच नाही असं लोकांना वाटतं. ज्याला तोंडाने पिता येतंय त्याला बहुतेक वेळा सलाईनची गरज नसते, हे गावात ठामपणे सांगणारं कुणीतरी हवं.

एक पूर्ण पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात टाकू नका, प्रमाण बिघडतं आणि लहान मुलाला ते बाधू शकतं. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना हवं तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग लावलेला नको. पेज, ताक, वरणाचं पाणी चालतं. बाळाचं अंगावरचं दूध अजिबात तोडायचं नाही. मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. हे आशाताई सांगतात आणि घरात विसरलं जातं.

मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर जाते, सहा-आठ तास लघवी नाही, शौचातून रक्त जातंय, यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून आणून मुलांना देऊ नका.

यादी आणि नकाशा

इथे मंडळाची पोरं खरी उपयोगी पडतात. आरोग्यसेवक आणि आशा घरोघर जाणारच असतात, त्यांच्यासोबत दोघं-दोघं द्या. प्रत्येक घरात सगळ्या माणसांची नोंद करायची, आजारी नसलेल्यांचीसुद्धा. नाव, वय, लक्षणं कधी सुरू झाली, पिण्याचं पाणी कुठून येतं, शेवटचे तीन-चार दिवस बाहेर कुठे खाल्लं-प्यायलं. शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा काढा. त्यात विहिरी, बोअर, टाकी, पाइपलाइन, व्हॉल्व्ह आणि गटारं दाखवा. रुग्ण असलेल्या घरावर ठिपका.

मग हिशेब करा. समजा, सार्वजनिक विहिरीचं पाणी पिणारे २४० जण आहेत, त्यात ३६ आजारी. बोअरचं पाणी पिणारे १८०, त्यात ४ आजारी. म्हणजे विहिरीवाल्यांत शंभरात १५ आणि बोअरवाल्यांत जेमतेम २. आजारी नसलेल्यांची नोंद का हवी ते इथे कळतं. ती नसती तर नुसते ३६ आणि ४ हातात राहिले असते आणि किती माणसांमागे ते कळलंच नसतं. आता त्या चौघांकडे पुन्हा जा. ते विहिरीच्या बाजूला मजुरीला गेले होते का, त्यांची मुलं त्या बाजूच्या अंगणवाडीत आहेत का? बहुतेकदा धागा तिथेच जुळतो. आणि नाहीच जुळला, तर तुमचा विहिरीवरचा संशय पुन्हा तपासायला हवा.

ठिपके एकाच पाइपलाइनच्या शेवटी गोळा झाले असतील तर विहीर किंवा टाकी कितीही स्वच्छ असू दे, दोष मध्येच कुठेतरी आहे. त्या ओळीने चालत जा. आपल्याकडे चोवीस तास पाणी असणारी गावं थोडी. पाणी तासभर येतं आणि उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपात बाहेरचं पाणी शिरतं. गटारातून गेलेली लाइन, पाणी साचलेला व्हॉल्व्हचा खड्डा, आणि दाब कमी म्हणून दारात खणलेले नळाचे खड्डे ही नेहमीची ठिकाणं. खड्ड्यातला नळ, त्याला तोटी नाही, वर पावसाचं आणि धुण्याचं पाणी साचलेलं. पाणी गेलं की तेच साचलेलं पाणी पाइपात ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या हंड्यात येतं. लाइनला थेट मोटर लावणारे तर गटाराचं पाणी अक्षरशः खेचून घेतात. मोटरी जप्त करणं राजकीयदृष्ट्या अवघड असतं हे मान्य. साथीच्या दिवसांत तरी पाणी सुटण्याच्या वेळी त्या आळीची वीज बंद ठेवता येते का, हे वायरमनशी बोलून बघा.

नमुने: औषध टाकण्याआधी

क्रम चुकतो तो इथे. घाबरून आधी विहिरीत भरमसाट टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ओततात आणि मग पाण्याचा नमुना घेतात. तो अर्थातच चांगला येतो. नमुना आधी, शुद्धीकरण लगेच नंतर. निकालासाठी शुद्धीकरण अडवून ठेवायचं नाही. अणुजीव तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच मिळते. आत क्लोरीन मारणारं थोडं रसायन असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळ दोन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला हात न लावता भरा, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) एकही असता कामा नये, असं भारतीय मानक सांगतं.

रुग्णांच्या शौचाचे नमुनेही प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यावे लागतात. ते काम आरोग्य कर्मचाऱ्यांचं आहे. तुमचं काम इतकंच, की नव्या रुग्णाने गोळ्या घेण्याआधी त्यांना निरोप पोचवायचा.

टीसीएल: मोजून, गाळून, रात्री

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या, चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. उघड्या पोत्यात, दमट खोलीत ठेवली की ते उडून जातं आणि मागे चुना राहतो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचं पोतं दिसलं तर ते औषध समजू नका. २० टक्क्यांच्या खालची पावडर पिण्याच्या पाण्याला वापरू नये. आरोग्य केंद्रामार्फत पावडरीचाही नमुना तपासून मिळतो.

नेहमीचं प्रमाण १,००० लिटरला ५ ग्रॅम. विहिरीत पाणी किती, ते अंदाजाने ठरवायचं नाही. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले ७८५, इतके लिटर पाणी. व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर असेल तर ६२,८०० लिटर, म्हणजे ३१४ ग्रॅम पावडर. हा आकडा विहिरीच्या कठड्यावर रंगवून ठेवा, पाणी चढलं-उतरलं की बदला. पावडर २० टक्क्यांचीच असेल तर ५ ऐवजी ८ ग्रॅम धरा. १०,००० लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम, टँकर भरतानाच.

पावडर तशीच विहिरीत भिरकावायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओता. तळाचा चुना खड्ड्यात पुरा, विहिरीत नको. निवळाची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, इकडे-तिकडे हलवा म्हणजे मिसळतं. टाकी असेल तर ती भरत असताना द्रावण सोडा. भरलेल्या टाकीत वरून ओतलं तर वरच्या वरच राहतं. कमीत कमी अर्धा तास, जमलं तर एक तास पाणी सोडायचं नाही. रात्री शेवटचा पोहरा वर आल्यावर केलेलं शुद्धीकरण सगळ्यात सोयीचं. साथ असेपर्यंत हे रोज करायचं.

नाका-तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत. संडास साफ करायच्या ॲसिडजवळ ही पावडर ठेवू नका. दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो.

गढूळ पाण्यात मात्र हे सगळं फुकट जातं. मातीच क्लोरीन खाऊन टाकते. आधी तुरटी फिरवून गाळ बसवा, मग टीसीएल.

शेवटच्या घराचा नळ

आता ओटी, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायचं ऑर्थोटोलिडिनचं द्रावण. टाकीखालच्या नळाला सगळेच तपासतात आणि तिथे पिवळा रंग येतोच. तपासायचं ते लाइनच्या टोकाला, शेवटच्या घरात, पाणी सुटल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, कंपनीने सांगितलेले ओटीचे थेंब टाका आणि रंग लगेच, काही सेकंदांत बघा. नंतर गडद होणारा पिवळा फसवा असतो. ओटीचं द्रावण विषारी आहे, तोंडाला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी मुलांच्या हाती देऊ नका. काही ठिकाणी आता डीपीडीच्या गोळ्या मिळतात, त्यात रंग गुलाबी येतो. मिळत असतील तर त्याच घ्या.

एरवी टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं. साथीत ०.५. टाकीला भरपूर आणि टोकाला शून्य आलं तर मध्ये घाण शिरते आहे किंवा जुन्या पाइपात गाळ आहे. जिथे आकडा एकदम पडतो, तिथे खणा. ही तपासणी हातात असेल तर गळती शोधायला दुसरं यंत्र लागत नाही.

पाण्याला औषधाचा वास येतो अशी तक्रार दुसऱ्याच दिवशी येणार. जलसुरक्षकाला, म्हणजे पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या माणसाला, गावातच राहायचं असतं, तो मुकाट्याने प्रमाण कमी करतो. त्याला दोष देण्याआधी त्याचं मानधन किती आणि वेळेवर मिळतं का, ते विचारा. सरपंचाने चावडीवर स्वतः ते पाणी पिऊन दाखवणं हा जुना उपाय आहे आणि अजून चालतो. घागर तासभर उघडी ठेवली तरी वास बराच कमी होतो. वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या: तारीख, किती ग्रॅम, टाकीला किती, टोकाला किती. खाली दोन सह्या, त्यातली एक पाणी तपासायला शिकलेल्या गावच्या एखाद्या महिलेची. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना हे शिकवायची तरतूद आहे.

घरात पाणी उकळायचं तर बुडबुडे जोरात फुटायला लागल्यावर एक मिनिट उकळायचं. नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. पाणी काढायला दांड्याचं ओगराळं. हंड्यात बोटं बुडवून तांब्या भरला की वरची सगळी मेहनत पाण्यात. राखेपेक्षा साबण बरा, आणि हात धुवायची वेळ शौचानंतर आणि भाकरी थापण्याआधी.

जे करून काही होत नाही

गटाराच्या कडेने पावडरच्या पांढऱ्या रेघा ओढणं. पाहुणे येणार असले की हे हमखास होतं, आणि विहिरीला जायची पावडर रस्त्यावर संपते. धूर फवारणी डासांसाठी असते, गॅस्ट्रोला तिचा उपयोग शून्य. सगळ्या गावाला सरसकट प्रतिजैविकाच्या गोळ्या वाटणंही नको. कुणाला द्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. रुग्णाची उलटी किंवा शौच पडलेल्या जागेवर मात्र ब्लीचिंगचं घट्ट द्रावण जरूर ओता आणि मग धुवा.

कावीळ उशिरा येते

गॅस्ट्रो आटोक्यात आला, पथक परत गेलं, वही बंद. इथे गाव फसतं. त्याच घाण पाण्यातून आलेली कावीळ दिसायला वेळ लागतो: अ प्रकारची साधारण चार आठवड्यांनी, ई प्रकारची दोन ते आठ आठवड्यांत. दिल्लीत १९५५ च्या शेवटी यमुनेच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत गटाराचं पाणी पोचलं. क्लोरीन वाढवल्यामुळे जिवाणूंचे आजार फारसे वाढले नाहीत, पण महिन्याभरानंतर काविळीची लाट आली आणि सुमारे २९,००० लोक आजारी पडले. विषाणूंना जास्त क्लोरीन लागतं, साथीतला ०.५ चा आकडा त्यासाठीच. इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ पाहिली आहे. ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतते. म्हणून गॅस्ट्रोची साथ संपल्यावर दोन महिने गावातल्या गरोदर बायांची यादी आशाताईंकडे वेगळी ठेवा आणि लघवी पिवळी, भूक गेलेली, डोळे पिवळे असं काही दिसलं की लगेच पाठवा.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण निघाले, तेव्हा जुलाबानंतर हातापायांतली ताकदही जाऊ शकते हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले होते. जुलाब थांबून आठ-पंधरा दिवसांनी पाय लुळे वाटू लागले, जिना चढवेना, तर अशक्तपणा समजून घरी थांबू नका.

कॉलरा असेल तर शेवटच्या रुग्णानंतर दहा दिवस नवा रुग्ण नाही, तेव्हा साथ संपली म्हणायचं. घरोघर फिरणं तोवर चालूच.

पावसाआधी

महाराष्ट्रात एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जलस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल कार्ड म्हणजे साथीचा धोका जास्त. ते कपाटात जातं हा अनुभव सगळीकडचा. ग्रामसभेत ते वाचून दाखवा आणि कार्ड लाल कशामुळे झालं ते विचारा. विहिरीला कठडा नाही, जवळ शोषखड्डा आहे, टीसीएल शिल्लक नव्हती, लाइन गळते, यातलंच काहीतरी निघेल.

मे महिन्यात तीन कामं उरकून घ्या. नळाचे खड्डे बुजवून तोट्या बसवा. गटारातून जाणारी लाइन वर उचला किंवा बदला. वित्त आयोगाचा पाणी-स्वच्छतेसाठी बांधून दिलेला निधी याच कामांचा आहे. आणि दोन-तीन महिने पुरेल एवढीच ताजी टीसीएल झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, कोरड्या अंधाऱ्या खोलीत ठेवा. वर्षभराची एकदम घेतली तर हिशेब सोपा होतो, पण दिवाळीनंतर पिंपात चुनाच उरतो. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगवा, खालून वाचता येईल एवढ्या अक्षरांत.